चलानाचा मेसेज येतो, काळजीचा कधी?

नाशिकमधल्या विशीतल्या कोणत्याही मुलाचा मोबाइल हातात घ्या (तो देणार नाही, ही गोष्ट वेगळी) आणि गाडी चालवण्याबद्दल सरकारकडून त्याला काय संदेश आले आहेत ते शोधा. आलेच असतील तर ई-चलानाचे असतील. गाडीचा क्रमांक, नियमभंगाचा प्रकार, दंडाची रक्कम आणि पैसे भरण्याची लिंक. अनेकदा तेही सापडणार नाहीत, कारण गाडी वडिलांच्या नावावर आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांकही त्यांचाच. मुंबई नाक्यावर सिग्नल तोडलेला असतो मुलाने आणि मेसेज वाजतो वडिलांच्या खिशात, कधी त्याच दिवशी, कधी आठवड्याने. घरात थोडी बोलाचाली होते. दंड मात्र लगेच भरला जातोच असे नाही. लोकअदालतीत सूट मिळेल या आशेवर तो पडून राहतो.

शिक्षा म्हणून हे ठीक आहे. कायद्याचा धाक हवाच. पण कॉलेजच्या वयातल्या मुलांशी रस्त्याबद्दल बोलण्याचे एक साधन शासनाच्या हाताशी चोवीस तास आहे आणि त्याचा उपयोग आपण फक्त वसुलीसाठी करतो, याचे मला डॉक्टर म्हणून नवल वाटते. कारण याच साध्या मेसेजचा उपयोग वैद्यकशास्त्राने गेल्या पंधरा वर्षांत फार वेगळ्या पद्धतीने करून पाहिला आहे.

केनियातल्या एचआयव्ही रुग्णांचा प्रयोग माझ्या विशेष आवडीचा. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. 538 रुग्णांपैकी निम्म्यांना दवाखान्यातून आठवड्यातून एकदा एकच शब्द पाठवला जाई : ‘माम्बो?’ म्हणजे ‘कसं काय?’ रुग्णाने 48 तासांत उत्तर द्यायचे, ठीक आहे किंवा अडचण आहे. अडचण असेल तर दवाखान्यातून फोन जाई. त्या मेसेजमध्ये ‘गोळ्या घ्या’ असे म्हटलेलेही नव्हते. तरी गोळ्या नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण 50 टक्क्यांवरून 62 टक्क्यांवर गेले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये 5,800 धूम्रपान करणाऱ्यांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. मेसेज मिळणाऱ्यांपैकी 10.7 टक्के सहा महिने सिगारेटपासून दूर राहिले, इतरांपैकी 4.9 टक्के. तिथे तर तलफ आली की एक शब्द पाठवायचा आणि लगेच धीराचे उत्तर मिळवायचे, अशी सोय होती. आपल्याकडे दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 537 पुरुषांना दोन वर्षे आहार-व्यायामाचे मेसेज पाठवले गेले. त्या काळात मेसेज मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना.

मी फिजिशियन आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात आयुष्य गेले. मीठ कमी खावे हे माहीत नसलेला रक्तदाबाचा रुग्ण मला गेल्या कित्येक वर्षांत भेटलेला नाही. कळते पण वळत नाही, हीच आमच्या धंद्यातली रोजची अडचण. हेल्मेटचेही तसेच आहे. कॉलेज रोडवर उभे राहून विचारा, प्रत्येक जण सांगेल की हेल्मेटने जीव वाचतो. आणि सांगताना ते हेल्मेट आरशाला किंवा कोपराला टांगलेले असेल.

आकडे एकदाच सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यातली 15,224 महाराष्ट्रात. मृतांपैकी दर तिघांमागे दोन जण 18 ते 45 या वयातले. सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट नव्हते म्हणून नोंद झालेले मृत्यू 50,029 आणि त्यातले 14,337 मागे बसलेल्यांचे. या शेवटच्या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे. चांगले हेल्मेट, पट्टा लावून घातलेले, मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी कमी करते, हे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. औषधाच्या एखाद्या गोळीने एवढे केले असते तर आम्ही ती पाण्यातून वाटली असती.

वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी येते. जे वाचतात त्यांचे काय होते, हे वॉर्डात कळते. पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी त्र्यंबक रोडवरून, कसाऱ्याकडून, धरणांच्या बाजूने मुले आणली जातात. विशीतला मुलगा, घसरून पडलेला, काही तास बेशुद्ध. सीटी स्कॅनमध्ये मोठा रक्तस्राव नाही म्हणून घरचे देवाचे आभार मानतात, पेढे वाटतात. चार-सहा महिन्यांनी आई त्याला माझ्याकडे घेऊन येते. “डॉक्टर, हा पूर्वीचा राहिला नाही. एवढ्या-तेवढ्यावरून चिडतो, वाचलेलं लक्षात राहत नाही, परीक्षेला बसला नाही.” काहींना फिट येऊ लागतात. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की असे होते, आणि त्याची नोंद ‘किरकोळ जखमी’ या दोन शब्दांपुढे कुठल्याही कागदावर जात नाही.

तर, मेसेज कोणाला आणि कधी पाठवायचा? माझे मत असे की पहिला हक्क या वॉर्डातल्या मुलांचा आणि त्यांच्यासोबत आलेल्या मित्रांचा. आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे, स्मशानवैराग्य. सरणाजवळ उभे असताना माणसाला जे सगळे निरर्थक वाटते आणि घरी येऊन आंघोळ केली की जे ओसरते. अपघात विभागाच्या बाहेर रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या मित्रांचे हेच असते. “सर, आता कानाला खडा, हेल्मेटशिवाय गाडीला हात लावणार नाही.” त्यातला प्रत्येक जण मनापासून बोलत असतो. टाके काढायला येतो तेव्हा त्यातलाच एक जण हेल्मेटशिवाय गाडी घेऊन आलेला असतो. तो खोटे बोललेला नसतो. मधल्या दहा दिवसांत त्या निश्चयाची कोणी आठवणच केलेली नसते.

मेसेजचे काम एवढेच आहे, ते वैराग्य दहा दिवसांऐवजी दहा आठवडे टिकवणे. सवय लागायला वेळ लागतो. अमेरिकेत पिट्सबर्ग भागातल्या चार रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत नेमके असेच काही करून पाहिले गेले. अतिमद्यपान करणाऱ्या 765 तरुणांना तपासणीनंतर गटांत विभागले. एका गटाला बारा आठवडे, शनिवार-रविवारच्या तोंडावर मेसेज : या सुट्टीत किती पिण्याचा बेत आहे? जास्त असेल तर मर्यादा ठरवायला तयार आहेस का? सुट्टीनंतर पुन्हा विचारणा, किती झाली? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटाचे अतिमद्यपानाचे दिवस घटलेले दिसले. दुसऱ्या एका गटाला नुसते प्रश्न विचारले गेले, उत्तरावर प्रतिसाद काही नाही. तिथे ते घटले नाहीत. एकतर्फी विचारपूस कामाची नाही, हे त्यातून मी घेतो. समोरून उत्तर यायला हवे आणि त्या उत्तराला उत्तर जायला हवे.

इथे कोणीतरी म्हणेल, मोबाइलमुळे अपघात होतात आणि हे डॉक्टर मोबाइलवरच मेसेज पाठवायला सांगतात! आक्षेप रास्त आहे. ट्रकचालकांवरील एका अमेरिकी अभ्यासात मेसेज टाइप करताना सहा सेकंदांपैकी सरासरी 4.6 सेकंद नजर रस्त्यावरून हटलेली आढळली. ताशी 40 किलोमीटरने गंगापूर रोडवरून जाणाऱ्या स्कूटरचा हिशेब केला तर तेवढ्या वेळात ती 50 मीटर जाते. एवढ्या अंतरात आपल्याकडे एक रिक्षा वळते, एक गाय बसलेली असते आणि एक खड्डा असतो. म्हणून वेळ फार जपायला हवी. शुक्रवारी रात्री जेवणानंतर, कॉलेजच्या दिवशी निघायच्या बऱ्याच आधी, आणि ती वेळ त्या मुलानेच ठरवून दिलेली. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ एकही संदेश नाही.

वेळेइतकाच मजकूर महत्त्वाचा. आपल्याकडे जनजागृती म्हटले की कवटी, रक्त आणि यमराज. ग्रुपवर फिरणारे फुटलेल्या डोक्यांचे व्हिडिओ मला रोज दोन तरी येतात, ‘सर्वांना पाठवा’ अशा आग्रहासह. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने महामार्गांवरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर त्या वर्षातल्या अपघाती मृत्यूंचा आकडा दर महिन्याला एक आठवडा झळकवायला सुरुवात केली. हेतू चांगला. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे विश्लेषण आले : ज्या आठवड्यात आकडा दाखवला जाई, त्या आठवड्यात फलकापुढच्या 10 किलोमीटरमध्ये अपघात कमी न होता 4.5 टक्क्यांनी वाढले होते. आकडा जेवढा मोठा आणि रस्ता जेवढा गुंतागुंतीचा, तेवढा परिणाम वाईट. माणूस गाडी चालवत असताना त्याच्या मनात मृत्यू घुसवला की त्याचे लक्ष रस्त्यावर राहत नाही, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. आपले यमराजही निवृत्त करायला हरकत नाही.

पाठवायचे ते लहान, ठोस आणि त्या मुलाच्या स्वतःच्या योजनेबद्दलचे. उदाहरणार्थ : ‘शनिवार आला. घाटात जाणार? चावी घेण्याआधी फोन कुठे ठेवाल? उत्तर पाठवा.’ यात उपदेश नाही. ‘डिकीत’ किंवा ‘बॅगेत’ एवढे उत्तर त्याने टाइप केले की निर्णय त्याचा झाला. एक तांत्रिक गंमतही सांगतो. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरे बसतात, देवनागरीत 70. आणि काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगळे मोजले जाते. वरचा मजकूर 68 भरतो. आमच्या आरोग्य शिक्षणाच्या घडीपत्रिका लिहिणाऱ्यांना हा नियम लावला तर मराठी भाषेवरही उपकार होतील. मुले स्वतः रोमन लिपीत मराठी लिहितात, त्यांना तसे हवे असेल तर तसे पाठवावे; माझा हट्ट नाही. एसएमएसऐवजी व्हॉट्सॲप चालेल का, हाही प्रश्न तसाच. जे तो उघडून वाचतो ते.

मेसेज फक्त चालवणाऱ्याला पाठवावा असेही नाही. मुलगा गाडीवर असताना त्याच्या खिशातला फोन वाजवणारे कोण असते? मी वॉर्डात विचारत असतो. मैत्रीण, मित्र, काम देणारा साहेब, आणि फार वेळा घरचेच. “कुठे पोहोचलास? जेवायला थांबू का?” काळजीने केलेला फोन. मान वाकडी करून, खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल धरून तो आईला सांगत असतो की मी हळू चालवतोय. आईला एक मेसेज गेला पाहिजे की तो निघाल्यानंतर अर्धा तास फोन करू नका, पोहोचल्यावर तोच करेल. एवढा बदल तर कोणत्याही कायद्याशिवाय आज रात्रीपासून होऊ शकतो.

दुसरा माणूस मागच्या सीटवरचा. वर सांगितलेले 14,337 लोक. आपल्याकडे मागे बसणाऱ्याने बोलायचे नसते, गाडी ज्याची त्याची मर्जी. केनियातच, मटाटू नावाच्या खासगी मिनीबसमध्ये संशोधकांनी स्टिकर लावले. मजकूर प्रवाशांसाठी होता : चालक बेदरकार चालवत असेल तर गप्प बसू नका, बोला. ज्या बसमध्ये स्टिकर होते त्यांचे विम्याचे दावे पहिल्या प्रयोगात निम्म्याहून अधिक घटले. पुढे मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगात घट कमी, पण तरी चौथाई ते तृतीयांश होती. चालकाला एक शब्दही सांगितला नव्हता. ‘हळू घे रे’ एवढे म्हणायची परवानगी मागच्याला कोणीतरी द्यावी लागते, ती मेसेजने देता येईल.

मेसेज पाठवला की झाले, असे मात्र मी म्हणत नाही. गाडी चालवण्याच्या सवयींवर मेसेजचे जे अभ्यास झाले ते बहुतेक लहान आहेत आणि त्यांत मुलांनी स्वतः सांगितलेल्या उत्तरांवर भिस्त आहे. मुले अशा उत्तरांत किती खरे बोलतात, हे आपण सगळे जाणतो. आपणही त्या वयात होतो. प्रत्यक्ष मोजमाप असलेला एक मोठा अभ्यास पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांचा. विमा कंपनीच्या 1,600 हून अधिक ग्राहकांच्या फोनमधूनच हातातल्या वापराची नोंद घेतली. नुसत्या सूचना देऊन विशेष फरक पडला नाही. आठवड्याचे उद्दिष्ट, आपसातली चुरस आणि थोडे बक्षीस जोडल्यावर वापर पाव हिश्शाहून अधिक कमी झाला. मुलांना चुरस आवडते, हे कळायला एवढा खर्च का, असे कोणी विचारेल. पण मोजल्याशिवाय कळले असे म्हणता येत नाही.

नाशिकने यापूर्वी प्रयत्न केले नाहीत असे नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून शहर पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू केली. पंपावर शेजारच्याचे हेल्मेट उसने घेऊन पेट्रोल भरणारे महाभाग आपण सर्वांनी पाहिले. नंतर हेल्मेट नसलेल्यांना दोन तास समुपदेशनाला बसवले जाऊ लागले. मला ती कल्पना दंडापेक्षा बरी वाटली होती. पण समुपदेशन त्या दोन तासांत संपत असे. बाहेर पडलेल्या माणसाचा मोबाइल क्रमांक नोंदवलेला असताना पंधरा दिवसांनी, महिन्याने त्याला कोणी विचारले नाही की आता कसे चालले आहे. आम्ही क्षयरोगाच्या रुग्णाला महिनोन्महिने गोळ्यांची आठवण करतो, कारण पहिल्या भेटीत सांगून भागत नाही हे आम्हाला ठाऊक आहे.

आणि काही गोष्टी मेसेजच्या आवाक्याबाहेरच आहेत. 12 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी द्वारकेच्या उड्डाणपुलावर लोखंडी सळया बाहेर आलेल्या ट्रकवर टेम्पो आदळला आणि कार्यक्रमाहून परतणारी सिडकोची तरुण मुले गेली. त्या मुलांना कोणता मेसेज पाठवला असता तर ती वाचली असती? ऑक्टोबर 2022 मध्ये मिरची चौकात पेटलेल्या बसमधल्या झोपलेल्या प्रवाशांना? माल कसा बांधायचा, चौक कसा आखायचा, रात्री दिवे कुठे हवेत, ही कामे ज्यांची त्यांनी करायची आहेत. मोबाइलवर दोन ओळी पाठवून ‘आम्ही प्रबोधन केले’ असे कोणी म्हणू लागले तर मी या लेखातला शब्द न शब्द मागे घेईन. तसेच घरपोच खाणे पोहोचवणारी मुले. त्यांच्या हँडलवरच फोन लावलेला असतो आणि पोटही त्यावरच असते. त्यांना ‘फोन डिकीत ठेवा’ सांगणे ही थट्टा आहे. तिथे मेसेज जायचा तर तो वेळेची स्पर्धा लावणाऱ्या कंपनीला.

तरीही जे जमण्यासारखे आहे ते सुरू करायला कोणाची वाट पाहायची? शिकाऊ परवाना आता घरबसल्या निघतो. म्हणजे अर्जदाराचे वय, पत्ता, मोबाइल क्रमांक सगळे परिवहन विभागाकडे आहे, आणि पुढचे काही महिने हा मुलगा गाडी शिकतो आहे हेही त्यांना ठाऊक आहे. सवय लागण्याचा काळ तो हाच. त्या काळात त्याला ओटीपी जातो आणि परीक्षेची तारीख जाते. अर्जातच एक चौकोन असावा : सुरक्षित वाहन चालवण्याबद्दल संदेश हवेत का? हो म्हणेल त्यालाच पाठवावेत. न विचारता पाठवलेला मेसेज कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडतो. आपल्या नाशिकमध्येच आरोग्य विद्यापीठ आहे. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात. शंभर-दोनशे मुले घ्या, निम्म्यांना बारा आठवडे मेसेज पाठवा, निम्म्यांना नाही, आणि परिणाम प्रश्नावलीवर न सोडता कॉलेजच्या पार्किंगच्या फाटकाशी उभे राहून मोजा : हेल्मेट आहे का, पट्टा लावला आहे का, फोन कुठे आहे. फरक पडला नाही तर तेही छापा.

रुग्णालयात सुरुवात आणखी सोपी. केस पेपरवर मोबाइल क्रमांकाचा रकाना आधीपासून आहे. अपघाताच्या रुग्णाबाबत तो बहुधा चुकीच्या माणसाचा क्रमांक असतो, कारण जखमीचा फोन फुटलेला असतो आणि नोंद करणारा विचारतो तेव्हा समोर असतो तो त्याला घेऊन आलेला मित्र, शर्टावर रक्त, खरचटलेले कोपर. तो स्वतःचा क्रमांक सांगतो. तो क्रमांक खोडू नये. जखमीचा खाली लिहून घ्यावा आणि दोघांनाही विचारावे, कारण त्या गाडीवर दोघेही होते.